तीन चौकटींचा फॉर्म

काठावरची:

टेबलावर तीन आठवड्यांपासून एक फॉर्म पडून आहे. गोठवून ठेवलेल्या भ्रूणांची मुदत दरवर्षी वाढवून घ्यावी लागते, त्याचा. तळाशी तीन चौकटी आहेत. साठवण चालू ठेवावी. नष्ट करावेत. संशोधनासाठी द्यावेत. एकीत खूण करायची, दोघांनी सह्या करायच्या, तारीख घालायची. मागची पाच वर्षं मी पहिल्या चौकटीत खूण करून मोकळी व्हायचे, लाइटबिल भरावं तशी. यंदा नवऱ्याने सही करून ठेवलीय, खूण केलेली नाही. "तू ठरवशील ते," म्हणाला. म्हणाला चांगल्याच मनाने, पण आता सगळा भार माझ्या एकटीच्या पेनावर आलाय.

थोडक्यात मागचं सांगते. वय ४४. सुरुवात चौतिसाव्या वर्षी. पहिलं वर्ष 'होईल, घाई काय' यात गेलं, मग तपासण्या, गोळ्या, मग आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार. पाच ट्रान्सफर, म्हणजे पाच वेळा भ्रूण गर्भाशयात ठेवले. तीनदा काहीच नाही. दोनदा दिवस राहिले. एकदा सातव्या आठवड्यात गेलं, एकदा नवव्या. नवव्याच्या वेळी आदल्या सोनोग्राफीत ठोके पाहिले होते, त्यावर जास्त लिहीत नाही. अ‍ॅडिनोमायोसिस, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर त्याच्या स्नायूत वाढण्याचा आजार, आधीपासून होताच. रक्तस्राव इतका वाढला की गेल्या वर्षी गर्भपिशवी काढली. माझ्यापुरता विषय तिथे संपला. पण उणे १९६ अंशांवर आमचे दोन भ्रूण अजून आहेत.

सरोगसीचा विचार पूर्ण करून झालाय, नको ठरलंय. दत्तकाचंही तसंच. त्यावर इथे चर्चा नको, प्लीज.

मला विचारायचंय ते वेगळंच. थांबणं म्हणजे नक्की काय? शरीर थांबलं, डॉक्टर थांबले. मी कधी थांबले? ऑपरेशनच्या दिवशी मी रडले नाही, सगळे म्हणाले किती खंबीर. आता एका कागदासमोर रडतेय. परवा फ्रीज पुसताना दाराच्या कप्प्यात मागे सरकलेलं, आयव्हीएफच्या वेळचं इंजेक्शनचं पेन सापडलं. मुदत कधीच संपलीय, तळाशी थोडं औषध शिल्लक. कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेले आणि परत येऊन होतं तिथे ठेवलं. नवऱ्याला सांगितलं नाही.

निमूट:

वाचलं. काय लिहू कळत नाहीये, पण न लिहिता जाववत नाही. माझंही पेन आहे. फ्रीजमध्ये नाही, कपाटात.

सकारात्मक_रहा:

ताई, धीर सोडू नका. माझ्या मावसबहिणीने सगळे उपचार बंद केले, टेन्शन घेणं सोडलं आणि सहा महिन्यांत गोड बातमी! मन शांत ठेवलं की सगळं होतं. आणि तुम्ही नको म्हणालात तरी लिहिते, दत्तकाचा विचार कराच. किती लेकरं आईबापांची वाट बघताहेत.

खडूस_मावशी:

सकारात्मक_रहा, बाई, तिची गर्भपिशवी काढलीय. पोस्ट वाचलीत की नुसतं शीर्षक?

ती मावसबहीण प्रत्येकाच्या नात्यात असते. माझ्या वेळी ती कुणाची तरी नणंद होती. ज्या शेकडो बायकांनी टेन्शन सोडलं आणि तरीही काही झालं नाही, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण तिला शेवट नसतो. आणि दत्तकाबद्दल एवढंच, की येणाऱ्या मुलाला त्याचे स्वतःचे आईबाप हवे असतात. दुसऱ्या कुणाच्या रिकाम्या जागी बसवायला त्याला आणायचं नसतं. ज्यांना मनापासून करायचंय त्यांनी जरूर करावं. पण मूलबाळ नसलेल्या बाईला तो गृहपाठ म्हणून का देता? स्वतःची दोन असलेल्यांना कुणी विचारत नाही, की तिसरं दत्तक का घेतलं नाही म्हणून.

काठावरची, माझं वय ६७. आमच्यात दोष कुणाचा ते कधी सापडलंच नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल, आणि घर रिकामं. कारण सापडलं असतं तर त्याच्यावर तरी चिडता आलं असतं. मी कधी थांबले, विचारशील तर मलाही तेव्हा कळलं नाही. एके दिवशी संध्याकाळी लक्षात आलं, की आज सकाळी उठून तारीख मोजली नाही. इतकंच. मग पुन्हा महिनाभर मोजल्या. मग पुन्हा विसरले.

एक मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुला सांगते. हे दुःख दोन हप्त्यांत येतं. पन्नाशीत मला वाटलं, झालं, सुटले. पाळी गेली, वर्गमैत्रिणींची पोरं मोठी झाली, परीक्षा-क्लासचं बोलणं संपलं, पुन्हा गप्पा जुळायला लागल्या. मग एकेकीला नातवंडं झाली. फोन पुढे करून फोटो दाखवायच्या आणि मी 'गोड आहे गं' म्हणायची. पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा माझी मलाच लाज वाटली, की या वयात काय हे. लाज वाटून घेऊ नकोस. तयारीत राहा.

आणि 'म्हातारपणी कोण?' या प्रश्नाचं उत्तर भावनेने देऊ नये, कागदाने द्यावं. गेल्या वर्षी हॉस्पिटलात भरती झाले तेव्हा फॉर्मवर 'मुले' असा रकाना होता. मी रेघ मारली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, काहीतरी लिहा ना, रिकामं चालत नाही." मी म्हटलं, रेघ म्हणजे रिकामं नव्हे. घरी आल्यावर मृत्युपत्र केलं. शुद्ध हरपली तर उपचारांचे निर्णय कुणी घ्यायचे, ते भाचीशी आणि एका मैत्रिणीशी बोलून लेखी ठेवलं. ज्यांना मुलं आहेत त्यांनीही हे करायला हवं, पण ते करत नाहीत. त्यांना वाटतं सोय झालेली आहे.

अधेमधे:

मावशींना +१००. मी थोडं बाजूचं लिहिते, चालेल का?

मी ४७ ची. लग्न झालं नाही. ठरवून नाही, जमलं नाही. दोनदा जमत आलं होतं. मूल मात्र मला पहिल्यापासून हवं होतं, लग्नापेक्षाही जास्त. एकटीने वाढवायची हिंमत ना तेव्हा झाली ना नंतर. पुढे ४२-४३ च्या सुमाराला दर महिन्याला कुणीतरी दार लोटून घेतंय असं वाटायचं. मुलगी जन्मते तेव्हा तिच्याकडे १० ते २० लाख स्त्रीबीजं असतात, वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात, हे वाचलं होतं. रात्री झोप नाही आली की मी उलट्या दिशेने मोजायची.

माझी अडचण अशी, की माझ्याकडे दाखवायला रिपोर्टही नाही. फाइल नाही, तारीख नाही, गेलेलं काही नाही. काठावरचीने 'सातवा आठवडा' म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं. मी म्हटलं की मलाही मूल हवं होतं, तर लोक विचारतात, "मग लग्न का नाही केलंस?" भाषेतही माझ्यासाठी शब्द नाही. वांझ म्हणवून घ्यायलासुद्धा नवरा लागतो.

(काठावरची, तुझं दुःख कमी लेखत नाहीये. हेवा वाटला क्षणभर, ते कबूल करते.)

काठावरची:

अधेमधे, क्षणभर मलाही राग आला, ते मीही कबूल करते. मग तुझी पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. 'वांझ म्हणवून घ्यायलासुद्धा' याच्यापुढे आम्ही दोघंही बोललो नाही.

वाचनवेडी:

अधेमधे, तुम्ही लिहिलंय त्याला अभ्यासकांनी नाव दिलेलं आहे. १९८९ मध्ये केनेथ डोका यांनी 'हक्क नाकारलेल्या शोका'बद्दल (डिसएन्फ्रँचाइज्ड ग्रीफ) लिहिलं, म्हणजे असा शोक, ज्याचा हक्कच समाज मान्य करत नाही. सुट्टी मिळत नाही, भेटायला कुणी येत नाही, 'काय गमावलंस?' याचं उत्तर सर्वांसमोर देता येत नाही. त्याआधी सत्तरच्या दशकात पॉलीन बॉस यांनी 'धूसर हानी'ची कल्पना मांडली. त्यांचा अभ्यास बेपत्ता झालेल्या माणसांच्या कुटुंबांपासून सुरू झाला. माणूस गेला म्हणावं तर खात्री नाही, आहे म्हणावं तर दिसत नाही. जे मूल कधी आलंच नाही, ते याच जातीचं.

हे इथे लिहायचं कारण, दुःखाच्या पाच पायऱ्यांचा तो जिना प्रत्येकाला तोंडपाठ असतो: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनी त्या १९६९ मध्ये मांडल्या, पण स्वतःचा मृत्यू समोर दिसत असलेल्या रुग्णांशी बोलून. आपण त्या सगळ्या दुःखांना लावतो आणि मग 'मी अजून चौथ्या पायरीवरच कशी?' म्हणून स्वतःला नापास करतो. मला स्ट्रोब आणि शुट यांची १९९९ ची मांडणी जास्त खरी वाटते. त्यांच्या मते शोकातला माणूस सतत येरझारा घालतो, कधी गेलेल्याकडे, कधी पुढच्या कामांकडे, आणि ही ये-जा हेच बरं होणं. मावशींचं तारखा मोजणं, विसरणं, पुन्हा मोजणं तेच की.

खडूस_मावशी:

म्हणजे मी विद्वान निघाले. घरी सांगते.

लॅबवाली:

काठावरची, मी भ्रूणशास्त्रज्ञ आहे, कुठे ते विचारू नका. तुमच्या फॉर्मच्या आमच्या बाजूला काय होतं ते सांगू का? नको असेल तर ही पोस्ट ओलांडून पुढे जा.

पाचव्या दिवसाचा भ्रूण म्हणजे साधारण १०० ते २०० पेशी. आकार मिलिमीटरचा दहावा ते पाचवा हिस्सा, छापील पूर्णविरामापेक्षा लहान. प्लास्टिकच्या बारीक पट्टीच्या टोकाशी तो असतो, पट्टीवर नाव आणि क्रमांक, आणि ती द्रव नायट्रोजनच्या टाकीत बुडवलेली. 'नष्ट करावेत'वर खूण आली तर दोघंजण मिळून नाव आणि क्रमांक मोठ्याने वाचून पडताळतात, ट्रान्सफरच्या वेळी पडताळतात तसेच. मग पट्टी बाहेर काढून बाजूला ठेवली जाते. खोलीच्या तापमानाला ते टिकत नाहीत. एवढंच. कुणी घाईने करत नाही, निदान मी तरी केलेलं नाही. काही जोडपी त्या वेळी हजर राहू देण्याची विनंती करतात. सगळीकडे परवानगी मिळेलच असं नाही, पण विचारता नक्की येतं. न विचारताच बहुतेकजण गृहीत धरतात की येता येणार नाही.

संशोधनाची चौकट भरण्याआधी विचारा, की खरंच मान्यता मिळालेला प्रकल्प चालू आहे का आणि कसला. अनेक देशांत असे भ्रूण १४ दिवसांपुढे वाढवायला परवानगी नाही. कधी नवीन लोकांना शिकवण्यासाठीही वापरतात. प्रकल्पच नसेल तर तो कागद नुसता फाइलमध्ये बसतो, हे आधी माहीत असलेलं बरं.

आणखी एक, थोडं विषयांतर. आयव्हीएफने झालेलं जगातलं पहिलं बाळ, लुईस ब्राउन, १९७८ मध्ये जन्मली हे शाळेच्या पुस्तकातही असतं. त्यामागचे शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल मिळालं. पण इंग्लंडमधल्या ओल्डहॅममध्ये त्याआधी जवळजवळ दहा वर्षं जे काम चाललं, त्यात २८२ स्त्रियांनी भाग घेतला होता. ११२ वेळा भ्रूण गर्भाशयात ठेवले गेले. पाचजणींना दिवस राहिले. जिवंत बाळं दोन. उरलेल्या २८० जणी घरी गेल्या. त्यांची नावं शाळेच्या पुस्तकात नाहीत. त्या लॅबमध्ये पेशी दुभंगताना पाहणारी जीन पर्डी १९८५ मध्ये ३९ व्या वर्षी वारली, तिचंही नाव कितीतरी वर्षं मागेच राहिलं. टाकीचं झाकण उघडताना मला बऱ्याचदा त्या २८० जणी आठवतात. आज टाकीत जे काही आहे ते त्यांच्यामुळे आहे, आणि त्यांच्या हाती काही लागलं नाही.

निमूट:

लॅबवाली, माझ्या वेळी पट्टी कुणी काढली असेल त्या व्यक्तीबद्दल मी आजवर कधी विचारच केला नव्हता. नाव मोठ्याने वाचतात हे ऐकून बरं वाटलं. का ते माहीत नाही.

दोन_ओळी:

पुरुष आहे, लिहिलं तर चालेल ना?

दोन ओळींपेक्षा जास्त होणार आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडेही काहीतरी कारण असतं. आमच्यात सगळं माझ्याकडेच होतं. शुक्राणू शून्य. रिपोर्ट हातात आला तेव्हा बायको म्हणाली, "घरी सांगायची गरज नाही." मी मान डोलावली. त्यानंतर दोन वर्षं माझी आई, काकू, आत्या तिला डॉक्टर सुचवत राहिल्या, उपास सुचवत राहिल्या, आणि मी त्याच खोलीत पेपर वाचत बसायचो. एकदा आत्या म्हणाली, "आमच्या पोराचं नशीबच खोटं." बायको हसली आणि आत गेली. मी पेपरचं पान उलटलं. त्या पानावर काय होतं तेही आठवतंय.

दोन वर्षांनी सांगितलं सगळ्यांना. खूप उशीर झाला होता. ती मला माफ केलंय म्हणते. मी ते तपासून बघत नाही.

काठावरची, तुमचा नवरा 'तू ठरवशील ते' म्हणाला, त्याचा अर्थ त्याला काही वाटत नाही असा घेऊ नका. आमच्यापैकी बऱ्याचजणांना वाटतं, की आपल्या शरीरात सुया गेल्या नाहीत तर मत द्यायचा हक्क काय. पण गप्प बसणं हे बाईला सोयीचं पडतं, हा आमचा गैरसमज आहे. त्याला विचारा. चिडून विचारलंत तरी चालेल.

अधेमधे:

दोन_ओळी, तुमच्या पोस्टने आधी राग आला. दुसऱ्यांदा वाचल्यावर थोडा कमी आला.

जुळी_आई:

मी इथे लिहावं की नाही असं वाटत होतं, कारण सात वर्षांनी आयव्हीएफने मला जुळी झाली. एकच विचारायचंय. माझी जिवलग मैत्रीण अजून उपचार घेतेय. मला दिवस राहिले तेव्हा मी तिला घरी जाऊन, हात हातात घेऊन सांगितलं. मला वाटलं तेच योग्य. त्यानंतर ती तुटक झाली. काय चुकलं?

निमूट:

समोर बसून सांगितलंत, तिथेच. तिला तुमच्या डोळ्यांदेखत आनंदी व्हावं लागलं. पुढच्या वेळी कुणाला सांगायचं झालं तर मेसेज करा, सगळ्यांच्या आधी आणि एकटीला. शेवटी लिहा, 'उत्तराची घाई नाही.' तिला बाथरूममध्ये जाऊन रडू दे, मग ती तुम्हाला खरंखुरं अभिनंदन पाठवेल. मी चार दिवसांनी पाठवलं होतं. मनापासून पाठवलं होतं.

जुळी_आई:

हे मला सात वर्षांत माहीत असायला हवं होतं. मीच विसरले.

काठावरची:

नऊ दिवसांनी येतेय. दोन_ओळी, तुमचं ऐकलं आणि चिडूनच विचारलं. म्हटलं, 'तू ठरवशील ते' हे उत्तर मला चालणार नाही, मला तुझी चौकट सांग.

बराच वेळ गप्प होता. मग फोन काढून कॅलेंडर उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. नवव्या आठवड्यात गेलं त्याची, आम्हाला दिलेली प्रसूतीची संभाव्य तारीख. तिच्यावर फक्त एक ठिपका, शब्द नाही, आणि दरवर्षी पुन्हा येईल असं लावून ठेवलेलं. त्या दिवशी तो दरवर्षी ऑफिसातून लवकर येतो. मला आजवर वाटत होतं, की त्या दिवशी कामाचा ताण कमी असतो, कारण एकदा तसं म्हणाला होता. सहा वर्षं! मी किती रडले आणि किती चिडले, दोन्ही सारखंच. तो म्हणाला, "तुला आठवण नसेल तर मी का करून द्यायची?" मला आठवण नसेल!

मग लॅबवालींनी सांगितलं तसं सेंटरला फोन केला. संशोधनाचा प्रकल्प सध्या चालू नाहीये. हजर राहता येईल का, विचारलं. पलीकडची बाई जरा थांबली, वरिष्ठांना विचारून कळवते म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी खरंच कळवलं. या म्हणाले.

काल फॉर्म भरला. खूण त्याने केली, सही मी केली. मधल्या चौकटीत. आधी पेन चालेना, शाई सुकली होती, म्हणून त्याने कोपऱ्यात गोल गोल गिरवलं. ते गोल फॉर्मवर तसेच राहिलेत. तारीख पुढच्या महिन्यातली मिळालीय. तो ठिपका मात्र काढायचा नाही, असं आमचं ठरलंय.

थांबले का, ते अजून सांगता येत नाही. पण महिनाभर टेबलावर त्या कागदासाठी जागा सोडून बसत होते, काल रात्री मध्ये बसले.

इंजेक्शनचं पेन अजून फ्रीजच्या दारातच आहे.

खडूस_मावशी:

असू दे गं. जागा किती अडवतंय?